बिघाडाची दिशा



संयोजकांनी मला विषय दिला तो संगणक आणि त्याचे धोके असा. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. बडोद्याभोवतीच्या कोयली, बाजवा, नंदेसरी या पट्ट्यातल्या कंट्रोल रूममध्ये आणि फील्डवर माझी सगळी नोकरी गेली. म्हणून आज मी टेबलावरच्या संगणकाबद्दल फारसे बोलणार नाही. भट्टी, बॉयलर, बँकेचा सर्व्हर, दवाखान्यातले यंत्र यांच्यामागे जो संगणक असतो, जो आपल्याला दिसत नाही, त्याच्याबद्दल बोलेन. माणसे मरतात किंवा पैसे बुडतात ते तिथे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर आम्हाला कलाभवनात शिकवायला होते. ड्रॉइंग समोर ठेवले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: हवा गेली तर हा व्हॉल्व्ह कुठे जाईल? वीज गेली तर? तार तुटली तर? प्लँट चालतो कसा हे ते नंतर विचारीत. त्या वेळी हा क्रम उलटा वाटायचा. आज मला वाटते, आपल्या व्यवसायात शिकण्यासारखे जे काही आहे त्याचा मोठा भाग त्या प्रश्नात आहे.

कलाभवनाचा उल्लेख झाला म्हणून थोडे सांगतो. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ही संस्था काढली आणि त्रिभुवनदास गज्जरांसारख्या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती दिली. हाताने काम शिकवणारी ती शाळा होती; दादासाहेब फाळकेही तिथे शिकून गेले. पुढे ती बडोद्याच्या विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर याच विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडले, आणि १९९१ साली पुण्यात सी-डॅकमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. संगणक हा बडोद्याला परका विषय नाही. शहराभोवती १९६५ पासून रिफायनरी आहे, खत कारखाना आहे, पेट्रोकेमिकल्स आहेत, ट्रान्सफॉर्मर बनवणारे कारखाने आहेत. इथल्या हजारो घरांत कोणीतरी पॅनेलवर बसलेले आहे. म्हणून मी थोडे तपशिलात गेलो तरी आपण सांभाळून घ्याल, असा भरवसा आहे.

हवेवर चालणारा साधा कंट्रोल व्हॉल्व्ह घ्या. वर डायफ्रॅम असतो. हवेचा दाब त्याला एका बाजूला ढकलतो, स्प्रिंग दुसऱ्या बाजूला. हवा गेली की स्प्रिंग जिंकते. ती कोणत्या बाजूला जिंकावी हे डिझाइन करणारा आधीच ठरवतो. भट्टीला इंधन देणारा व्हॉल्व्ह हवा गेल्यावर बंद झाला पाहिजे. ज्या रिअ‍ॅक्टरमध्ये उष्णता निर्माण होते त्याला थंड पाणी देणारा व्हॉल्व्ह हवा गेल्यावर पूर्ण उघडला पाहिजे. दोन्हींत बिघाड तोच, दिशा उलट. रेल्वेच्या सिग्नलमध्येही हेच तत्त्व आहे. लालबागेत प्रतापविलास राजवाड्यात रेल्वेचे अधिकारी १९५२ पासून प्रशिक्षण घेत आले, त्यांना विचारा. सिग्नलचा रिले वीज असेपर्यंत उचललेला राहतो, वीज गेली की स्वतःच्या वजनाने खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. गुरुत्वाकर्षण कधी संपावर जात नाही, हा त्यामागचा विचार.

आता मोजमापाकडे या. टाकीतली पातळी आम्ही ४ ते २० मिलिअँपिअरच्या विद्युतप्रवाहात कळवतो. टाकी पूर्ण रिकामी असेल तर तारेतून शून्य येत नाही, ४ येतात. शून्य आले तर त्याचा अर्थ तार तुटली किंवा ट्रान्समीटर मेला. ज्याने हे ठरवले त्याच्याबद्दल मला फार आदर आहे. "काही नाही" आणि "मला माहीत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या दिसल्या पाहिजेत, हे त्याने एका साध्या तारेत बसवले.

सॉफ्टवेअरला अशी स्प्रिंग नसते आणि वजनही नसते. ते कोणत्या दिशेने बिघडेल हे निसर्ग ठरवत नाही. कोणी मुद्दाम ठरवले असेल तरच ते ठरलेले असते, आणि बहुतेक वेळा कोणीच ठरवलेले नसते. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे. बाकी सगळे त्याचा पुरावा.

थेरॅक-२५ हे कॅनडात बनलेले, कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना प्रचंड जादा मात्रा दिली. किमान तिघांचा त्यात मृत्यू झाला. एका दोषाचे स्वरूप असे होते: ऑपरेटरने चुकून एक उपचारपद्धती टाईप केली आणि आठ सेकंदांच्या आत ती दुरुस्त केली, तर पडद्यावर दुरुस्ती दिसे, पण यंत्राचे काही भाग जुन्याच मांडणीत राहत. हे आपल्याकडे अनेकदा सांगितले जाते. जे कमी सांगितले जाते ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. याच घराण्यातल्या आधीच्या थेरॅक-२० या यंत्रातही हाच दोष होता. पण त्यात स्वतंत्र विद्युत-यांत्रिक इंटरलॉक होते. सॉफ्टवेअर चुकले की फ्यूज उडायचा, यंत्र बंद पडायचे, तंत्रज्ञ फ्यूज बदलायचा. कोणालाही इजा झाली नाही, म्हणून दोष कोणाला कळलाही नाही. नव्या यंत्रात ते इंटरलॉक काढून टाकले, कारण तेच काम सॉफ्टवेअर करते असे मानले गेले. स्प्रिंग काढली आणि तिच्या जागी एक वाक्य लिहिले. माणसे त्याने मेली.

दुसरी घटना रिफायनरीतली आहे, आणि कोयलीच्या शेजारी राहणाऱ्यांनी ती पाठ करावी अशी आहे. २३ मार्च २००५, अमेरिकेतले टेक्सास सिटी. शटडाउननंतर एक युनिट चालू करत होते. १७० फूट उंचीच्या टॉवरमध्ये हायड्रोकार्बन भरत होते आणि बाहेर काढणारा व्हॉल्व्ह बंद होता. पॅनेलवरची पातळी सुमारे ८ फूट दाखवत होती, आणि हळूहळू उतरत होती. प्रत्यक्षात टॉवरमध्ये १५८ फूट द्रव होता. ट्रान्समीटरचे कॅलिब्रेशन चुकीचे होते. वेगळा बसवलेला उच्च पातळीचा अलार्म वाजलाच नाही. आणि आत किती येते हा आकडा एका स्क्रीनवर, बाहेर किती जाते हा दुसऱ्या स्क्रीनवर होता. दोन्ही शेजारी असते तर पॅनेलवरच्या माणसाला वजाबाकी करायला एक क्षण पुरला असता. टॉवर भरून वाहिला, वाफेचा ढग पेटला, १५ माणसे मेली, १८० जखमी झाली.

या घटनेचा सगळा दोष पॅनेलवरच्या माणसावर टाकणारे मला भेटतात. मी ते मानत नाही. ज्याने तो स्क्रीन आखला, ज्याने अलार्म तपासायचा राहू दिला, ज्याने शिफ्टला माणसे कमी दिली, त्या सगळ्यांची सही त्या स्फोटावर आहे. बारा-बारा तास पॅनेलसमोर बसणाऱ्या मुलाला आकडा खोटा आहे हे ओळखण्याचे साधन दिले नाही, तर चौकशीच्या वेळी त्याच्याकडे बोट दाखवायचा अधिकार आपल्याला नाही.

माझ्या पाहण्यात आलेल्या अनेक नव्या यंत्रणांत हाच दोष आहे. फील्डशी संपर्क तुटला की स्क्रीनवर शेवटचा चांगला आकडा तसाच राहतो. हिरव्या अक्षरांत, स्थिर, देखणा. रंग बदलत नाही, वेळ दिसत नाही. ४ मिलिअँपिअरवाल्या जुन्या माणसाने जे तारेत साधले होते ते आपण रंगीत पडद्यावर गमावले. आपल्या कारखान्यात, पाणीपुरवठ्यात, दवाखान्याच्या मॉनिटरवर कुठेही असा पडदा असेल तर पुरवठादाराला बोलावून आकड्याशेजारी वेळ छापून घ्या आणि संपर्क तुटला की आकडा पुसला जाईल असे करून घ्या. हा खर्च किरकोळ आहे.

आता पुण्याकडे येतो, कारण तिथली घटना आपल्या घरातली आहे. कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. बडोद्यातल्या मराठी माणसाला तिचे नाव सांगायला नको. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएम कार्डाने पैसे मागितले की ती विचारणा एका स्विचमार्फत बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जाते: या खात्यात शिल्लक आहे का? चोरांनी आत शिरून एक खोटा स्विच उभा केला. तो मुख्य यंत्रणेला काही विचारतच नव्हता. येईल त्या मागणीला "हो, द्या" म्हणत होता. २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये निघाले, भारतात आणखी अडीच कोटी, आणि १३ तारखेला स्विफ्टमार्फत १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. पुढे पोलिसांनी पैसे काढणाऱ्यांना पकडले, २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षाही दिली.

वर्तमानपत्रांनी हॅकर कोण, कुठल्या देशाचे, यावर रकाने भरले. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्याला वेगळा प्रश्न पडतो. मुख्य यंत्रणेकडे एकही विचारणा येत नाही आणि बाहेर मात्र पैसे जात आहेत, हे मोजणारे स्वतंत्र मीटर का नव्हते? टेक्सास सिटीत आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रवाह जसा कोणी शेजारी ठेवला नाही, तसाच इथेही. एका तासात परदेशातून किती रक्कम जाऊ शकते याला बाहेरून, वेगळ्या यंत्राने, वेगळ्या माणसाच्या हातात असलेली मर्यादा घातली असती तर नुकसान थोडक्यात आटपले असते. फ्यूज म्हणजे दुसरे काय असते? तो करंट कोणाचा आहे, चांगला की वाईट, हे विचारत नाही. मर्यादेपलीकडे गेला की तुटतो.

३१ जुलै २०२४ ची गोष्टही याच्याशी जोडून पाहा. लहान बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि सुमारे ३०० लहान बँकांचे डिजिटल व्यवहार अडले. पण तिथे एक काम चांगले झाले. राष्ट्रीय पेमेंट यंत्रणेने त्या कंपनीला तात्पुरते तोडून बाजूला ठेवले. ग्राहकांचे हाल झाले, तरी रोग बाकीच्या देशात पसरला नाही. आमच्या भाषेत याला आयसोलेशन व्हॉल्व्ह म्हणतात. तो वेळेवर फिरवण्याचे धैर्य दाखवणाऱ्यांचे मी मनापासून कौतुक करतो. मात्र ३०० बँका एकाच पुरवठादारावर टांगलेल्या होत्या, ही गोष्ट संचालक मंडळांनी गंभीरपणे घ्यायला हवी.

सुरक्षेची यंत्रणा चांगली असेल तर ती हल्लाही पकडते. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात, प्लँट धोक्यात आला की तो बंद करणाऱ्या सेफ्टी कंट्रोलरमध्येच कोणीतरी प्रोग्रॅम घुसवला. माझ्या माहितीत आमच्या क्षेत्रातला सर्वांत दुष्ट हल्ला हाच. अग्निशामक दलाच्या पाण्यात पेट्रोल मिसळावे तसा. पण त्या कंट्रोलरना स्वतःच्या आत काहीतरी विसंगत आढळले आणि ते ठरलेल्या दिशेने गेले: जूनमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा त्यांनी प्लँट बंद केला. त्यामुळे शोध लागला. आत शिरायला वाट कशी मिळाली? कंट्रोलरवर एक किल्ली असते. काम झाले की ती 'रन'वर फिरवून काढून घ्यायची. ती 'प्रोग्रॅम'वरच ठेवलेली होती. 'रन'वर असती तर दूरवरून प्रोग्रॅम घालता आला नसता. पितळेची किल्ली फिरवायचे काम सॉफ्टवेअर करू शकत नाही, म्हणूनच ती तिथे ठेवलेली असते. आपल्याकडे शिफ्ट बदलताना किल्ल्या मोजण्याची पद्धत कोणत्या कारखान्यात आहे, हे इथे बसलेल्या तरुणांनी उद्या जाऊन पाहावे.

आता हार्डवेअर. यावर लोक कमी बोलतात. बडोद्यात तर जास्त बोलायला हवे. आपल्या औद्योगिक पट्ट्यातल्या हवेत गंधकाचे वायू असतात, कुठे क्लोरीनचा अंश असतो. माणसाला वासही येणार नाही इतक्या प्रमाणातही ते सर्किट बोर्डावरचे तांबे आणि चांदी खातात. युरोपने जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर बंदी घातली. ती योग्यच होती, पण त्यानंतर अनेक बोर्डांवर चांदीचा पातळ मुलामा आला आणि गंधकाच्या हवेत त्यावर काळे सल्फाइड सरपटत शेजारच्या ट्रॅकला जाऊन भिडू लागले. बोर्ड मरतो तो असा. सॉफ्टवेअरवाले आठवडाभर प्रोग्रॅम तपासत बसतात आणि दोष असतो हवेत.

यावर उपाय स्वस्त आहे. कंट्रोल रूममध्ये स्वच्छ तांब्याची आणि चांदीची छोटी पट्टी टांगायची आणि ३० दिवसांनी प्रयोगशाळेत तिच्यावरच्या थराची जाडी मोजायची. तांब्यावर ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी असेल तर हवा सौम्य, जी-१. केसाच्या जाडीचा साधारण दोनहजारावा भाग इतका तो थर. १००० च्या पुढे गेला तर बोर्ड टिकण्याची आशा धरू नये. मग हवा गाळणारी रासायनिक माध्यमे बसवायची, खोलीत बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाब ठेवायचा आणि दार बंद ठेवायचे. दारात लाकडी पाचर अडकवून ते उघडे ठेवणाऱ्याने कोट्यवधींची नियंत्रण यंत्रणा (डीसीएस) बाहेरच्या हवेत ठेवली, असे समजावे. सर्व्हर रूमलाही हेच लागू आहे. रिफायनरीच्या वाऱ्याखाली असलेल्या दवाखान्याच्या सर्व्हर रूमला तर नक्कीच.

उष्णतेबद्दलही थोडे. याच विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेल्या सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये सी-डॉट सुरू झाले. त्यांनी खेड्यांसाठी १२८ लाइनींचे टेलिफोन एक्स्चेंज बनवले ते एअर कंडिशनरशिवाय, धुळीत आणि उन्हात चालेल असे. आपल्या परिस्थितीतून डिझाइन निघाले पाहिजे, याचे ते माझ्या मते सर्वोत्तम भारतीय उदाहरण. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जाणाऱ्या शहरात, थंड देशासाठी बनवलेला राऊटर पत्र्याच्या पेटीत उन्हात टांगायचा आणि मग इंटरनेट वाईट म्हणायचे, यात राऊटरचा काय दोष?

आणि पाणी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराने जे केले ते आपण सर्वांनी भोगले. पाणी शिरलेल्या भागांत वीज बंद ठेवावी लागली, घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचे फोन बंद पडले. आपल्या शहरातल्या किती इमारतींचे जनरेटर, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि सर्व्हर तळघरात आहेत? ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुकेंद्रात त्सुनामीचे पाणी शिरले तेव्हा बहुतेक डिझेल जनरेटर टर्बाइनच्या इमारतींच्या तळघरात होते, ते बुडाले. सहाव्या युनिटचा हवेने थंड होणारा एक जनरेटर वेगळ्या, उंच जागी होता. तो चालू राहिला आणि त्याने पाचवे व सहावे युनिट वाचवले. अणुकेंद्रातल्या दोन अणुभट्ट्या वाचल्या त्या एका जिन्याच्या उंचीने. रुग्णालयांच्या विश्वस्तांना माझी हात जोडून विनंती आहे, पुढच्या पावसाळ्याआधी जनरेटर वर हलवा.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल विचारले जाईल म्हणून सांगतो. मी ती वापरतो. जुन्या मॅन्युअलमधून काही शोधायला ती उपयोगी आहे. तिची अडचण एवढीच की चुकीचे उत्तरही ती बरोबर उत्तराच्याच स्वरात देते. "मला माहीत नाही" हे वेगळे दाखवणारी ४ मिलिअँपिअरची सोय तिच्यात अजून बसलेली नाही. तोपर्यंत तिला सल्ला देऊ द्या. प्लँट बंद करणाऱ्या ट्रिप व्हॉल्व्हची तार तिला जोडू नका.

यंत्र पडल्यावर काम चालवणाऱ्या माणसांबद्दलही बोलायला हवे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. ओपीडी थांबली नाही. डॉक्टरांनी आणि कारकुनांनी केसपेपर हाताने लिहिले, सुमारे दोन आठवडे. ते जमले कारण हाताने काम करणारी माणसे तिथे अजून होती. आपल्या प्लँटमध्ये नवी मुले 'ऑटो'वरच वाढली आहेत. लूप मॅन्युअलवर घेऊन युनिट सांभाळण्याची वेळ त्यांच्यावर येते ती थेट आणीबाणीत. वर्षातून एकदा ठरवून, सिम्युलेटरवर का होईना, त्यांच्याकडून ते करून घ्या. बँकेत एक शनिवार शाखा लेजरवर चालवून पाहा.

शेवटी तरुण अभियंत्यांना एक तारीख देतो: १९ जानेवारी २०३८. अनेक जुने कंट्रोलर १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतात. त्या दिवशी सकाळी आपल्या वेळेने ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ती जागा भरेल आणि पुढच्या सेकंदाला ते घड्याळ डिसेंबर १९०१ दाखवेल. काही यंत्रांत त्याने काहीच होणार नाही. काहींत लॉग बिघडेल, काहींत ठरावीक वेळेने चालणारा क्रम अडेल. कोणत्या यंत्रात काय होईल ते यादी केल्याशिवाय कळत नाही, आणि आज बसवलेला कंट्रोलर तेव्हा कामावर असणारच. येत्या शटडाउनमध्ये आपापल्या युनिटची ती यादी करा, आणि प्रत्येक नोंदीपुढे घड्याळ चुकल्यावर यंत्र कोणत्या स्थितीत जाईल ते पुरवठादाराकडून लेखी घ्या. जो पुरवठादार हे लिहून देत नाही, त्याचे यंत्र पुन्हा विकत घेऊ नका.